बोटीचे सामान

सामान बांधण्याच्या बाबतीत मनुष्यजातीत दोन पंथ आहेत. 'असू द्या, लागले तर?' असे म्हणणाऱ्यांचा एक आणि 'हवे कशाला? तिकडे मिळेल!' असे म्हणणाऱ्यांचा दुसरा. वधूवरांच्या पत्रिका जुळविताना नाडी पाहतात, गण पाहतात, मंगळ पाहतात. परंतु हा पंथभेद पाहण्याची दूरदृष्टी आमच्या ज्योतिष्यांना अद्याप आलेली नाही. त्यामुळे पुष्कळशा सुखी घरांतही प्रवासाच्या आदल्या रात्री बॅगेच्या दोन बाजूंना दोन पक्ष उभे राहतात. एक पक्ष आत घालीत असतो, दुसरा बाहेर काढीत असतो, आणि बॅग बिचारी उघड्या तोंडाने दोघांकडे आळीपाळीने पाहत असते. आमच्या दादरच्या घरात पहिल्या पंथाची धुरा माझ्या पत्नीकडे आहे. दुसऱ्या पंथात मी एकटाच.

गेल्या मार्गशीर्षात ह्या जुन्या वादाला नवे रणक्षेत्र लाभले. माझ्या मुलीने एके रात्री जेवताना जाहीर केले की, मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या एका मोठ्या बोटीची तिकिटे तिने आपल्या पगारातून काढली आहेत. तीन रात्रींचा प्रवास आणि चार माणसे.

"चौथे कोण?" मी विचारले.

"आजी," ती म्हणाली.

माझ्या हातातला घास हातातच राहिला. आईने ताटावरून मान वर केली नाही. "बघू," एवढेच ती म्हणाली. ह्या 'बघू'चा अर्थ मी पुढे सांगणार आहे. तूर्त आपण सामानाकडे वळू.

इंग्रजीच्या प्राध्यापकाला कोणतेही काम पुस्तकावाचून सुरू करता येत नाही. मी कपाटातून जेरोम के. जेरोमचे १८८९ सालचे 'थ्री मेन इन अ बोट' काढले. त्यातले तीन मित्र नदीच्या सफरीसाठी सामानाची यादी करू लागतात. ती एवढी वाढते की, तेवढे सगळे वाहून नेणारी होडी त्या नदीत शिरणेच शक्य नाही असे त्यांच्या ध्यानात येते. मग ते ती यादी फाडून टाकतात, आणि काय असलेले बरे हा विचार सोडून कशावाचून अगदीच अडेल एवढ्याचाच विचार करू लागतात. हा उतारा मी पत्नीला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितला. तिने शांतपणे विचारले, "त्या तिघांबरोबर बाई कोणी नव्हती ना?"

"नव्हती," मी म्हणालो.

"मग बरोबर!" ती म्हणाली, आणि आईची जाड लोकरी शाल तिने बॅगेत घातली. मी ती काढली. तिने पुन्हा घातली.

वास्तविक बोटीच्या प्रवासाचे शास्त्र आमच्या घरात परके नव्हते. माझे सासरे मालवणचे. कोकणात जाणाऱ्या आगबोटी चालू होत्या त्या काळात भाऊच्या धक्क्यावरून त्यांनी किती खेपा केल्या असतील याची मोजदाद नाही. त्यांचे सामान ठरलेले असे: एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, फिरकीचा तांब्या, दशम्यांचा डबा, आणि खिशात एक लिंबू व आवळासुपारीची पुडी. बोटीवर पाऊल पडताच डेकवर सतरंजी पसरून जागा धरायची, हा पहिला पराक्रम. दुसरा पराक्रम उतरताना. पुष्कळशा बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावात उतरत. खाली पडाव लाटांवर हेलकावत असताना एका हाताने मूल आणि दुसऱ्या हाताने गाठोडे सांभाळायचे. तेव्हा ज्याला आपले सामान स्वतः उचलता येत नाही त्याने ते आणू नये, हा सासऱ्यांचा सिद्धांत पुस्तकी नव्हता. पावसाळा तोंडावर आला की ही वाहतूक बंद होई आणि समुद्र निवळला की सुरू होई. गेल्या शतकाच्या अखेरच्या काळात त्या बोटी बंद पडल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली आणि बोटीने गावी जाणारा कोकणी माणूस ही गोष्ट आठवणीत जमा झाली.

भाषेत मात्र ती बोट अजून तरंगत आहे. 'बोट लागली' ह्या दोन शब्दांत मराठीने मोठी गंमत करून ठेवली आहे. बोट धक्क्याला लागली म्हणजे माणसे आनंदतात आणि बोट माणसाला लागली म्हणजे ती आडवी होतात. ही दुसऱ्या प्रकारची 'लागण' टाळण्याचे सासऱ्यांचे साधन लिंबू होते. आमच्या डॉक्टरांनी गोळी सांगितली. पण तिचे मर्म असे की, ती पोटात ढवळू लागण्यापूर्वी, बोट सुटण्याच्या आधी घ्यावयाची असते. मागाहून घेतलेली गोळी बहुधा पोटात टिकतच नाही. शिवाय ह्या गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून वृद्ध माणसांनी आणि इतर औषधे चालू असणाऱ्यांनी त्या आपल्या मनाने घेऊ नयेत. बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात. तेव्हा ज्याला धास्ती असेल त्याने खोली तेथे मागावी. पोट अगदी रिकामे ठेवू नये, तुडुंब भरू नये. मळमळू लागले तर खोलीत पुस्तक उघडून बसण्यापेक्षा बाहेर मोकळ्या हवेत उभे राहून दूरच्या क्षितिजाकडे पाहावे. डोळ्यांना एक स्थिर रेघ मिळाली की कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाशी त्यांचे भांडण मिटू लागते. हा उपाय फुकट असल्यामुळे मला विशेष आवडला.

मोठ्या बॅगा बंदरातच ताब्यात घेतात आणि त्या खोलीच्या दारापर्यंत पोहोचायला कित्येक तास लागू शकतात, हे प्रथमच जाणाऱ्याला ठाऊक नसते. ह्या बाबतीत गांधीजींची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते ह्याच मुंबई बंदरातून विलायतेला निघाले. बोटीवर ते काळा पोशाख वापरीत आणि पांढऱ्या फ्लॅनेलचे कपडे त्यांनी खास उतरताना घालण्यासाठी राखून ठेवले होते. ते उतरले तेव्हा सप्टेंबर सरत आला होता. धक्क्यावर त्या शुभ्र पोशाखात आपण एकटेच आहोत हे त्यांना कळले तेव्हा बाकीचे सामान किल्ल्यांसकट कंपनीच्या हस्तकाकडे गेलेले होते, आणि दुसऱ्या दिवशी रविवार! आत्मकथेत ही फजिती त्यांनी मोकळेपणाने सांगितली आहे. तात्पर्य, पहिल्या दिवसाची औषधे, चष्मा, एक जोड कपडे, ओळखपत्र आणि तिकिटाचे कागद एवढे एका लहान पिशवीत घालावे आणि ती पिशवी ब्रह्मदेव मागायला आला तरी हातची सोडू नये. देशातल्या देशात जाणाऱ्याला आधार कार्डासारखे ओळखपत्र लागते. परदेशी बंदर घेणाऱ्या बोटीसाठी पासपोर्ट हवा आणि त्याची मुदत निदान सहा महिने शिल्लक आहे ना, हे तिकीट काढण्यापूर्वीच पाहावे.

नेऊ नये अशा वस्तूंची यादी आमच्या घरात अधिक वादग्रस्त ठरली. आगीला बोटीवर सर्वांत मोठा शत्रू मानतात. त्यामुळे इस्त्री, पाणी तापविण्याची किटली, मेणबत्ती, निरांजन, उदबत्ती ह्यांना मज्जाव असतो. पत्नीने देवांची डबी घेतली होती. तिच्यातला कापूर आणि फुलवाती मला काढाव्या लागल्या. बाहेरचे खाद्यपदार्थही बहुधा अडवितात. चकल्यांच्या डब्याबद्दल आमच्यात जी बोलणी झाली ती येथे देत नाही. एवढेच सांगतो की डबा घरी राहिला आणि त्याचे स्मरण मला तीन दिवस देण्यात आले.

उलट उपयोगी पडतात त्या वस्तू अगदी क्षुल्लक असतात. बोटीतल्या खोलीच्या भिंती बहुधा पोलादी, म्हणून लोहचुंबकाच्या दोन आकड्या नेल्या तर टोप्या, पिशव्या टांगता येतात. खोली लहान, तेव्हा रिकामी झाल्यावर पलंगाखाली सरकेल अशी मऊ बॅग बरी. डेक ओला असतो, म्हणून रबरी तळाची पादत्राणे हवीत. किनारा मागे पडला की टेलिफोन बोटीच्या उपग्रहाशी संधान बांधतो आणि बिल आभाळाला भिडते. म्हणून तो विमानात ठेवतात तसा मुका करून ठेवावा. आणि आत सर्वत्र गार हवेचे यंत्र चालू असल्यामुळे अंगावर काही ऊबदार हवे. हे शेवटचे कलम पत्नीने मला दोनदा वाचून दाखविले. शाल तोवर तिसऱ्यांदा बॅगेत गेली होती.

ही सर्व धामधूम आई आपल्या खुर्चीवरून पाहत होती. तिने ऐंशी ओलांडली आहे. तिचा सारा जन्म गिरगावात आणि दादरला, म्हणजे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गेला. पण बोटीत तिने कधी पाऊल टाकले नव्हते. तिच्या वडिलांचे गाव रेवसच्या पलीकडे, अलिबागच्या वाटेवर. तिकडे जायचे झाले की ती पनवेल, पेण, वडखळ असा वळसा घालून एस.टी.ने जाई. २०२० साली भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारीसकट नेणारी मोठी बोट सुरू झाली आणि तासाभराचा मार्ग मोकळा झाला, तेव्हाही तिने वळशाचाच रस्ता धरला. आम्ही कोणी तिला कारण विचारीत नसू. घरात ते सर्वांना ठाऊक होते.

१७ जुलै १९४७. आषाढातली अमावास्या. स्वातंत्र्य महिन्यावर आलेले. माझे आजोबा गिरगावातल्या एका चाळीत राहत आणि कोटातल्या एका कचेरीत कारकुनी करीत. सणाला गावी आईवडिलांकडे जाण्यासाठी त्या सकाळी ते भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या 'रामदास' बोटीत चढले. बोट गच्च भरली होती. वाटेत पाऊसवाऱ्याने समुद्र उसळला, आणि काशाच्या खडकाजवळ बोट एका बाजूस कलून बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. गिरगाव, परळ, लालबाग ह्या वस्त्यांत त्या रात्री किती घरी चूल पेटली नसेल ह्याची कल्पनाच करावी. प्राण वाचविण्याची साधने होती, पण सर्वांना पुरतील एवढी नव्हती, असे आजी सांगे. रेवसच्या बाजूने मुंबईस येणाऱ्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतली मासळी पाण्यात फेकून दिली आणि त्या जागी बुडणारी माणसे घेतली, ही आठवण तिकडे अजून सांगतात.

आजोबांबरोबर एक ट्रंक होती. त्या काळी कापड मोजून मिळे. आजोबांनी आपल्या वाट्याचे कापड साठवून वडिलांसाठी धोतरजोडी आणि आईसाठी लुगडे त्या ट्रंकेत घातले होते. चाळीतले एक गृहस्थ त्या बोटीतून वाचले. त्यांनी पुढे आजीला सांगितले की, बोट कलली तेव्हा आजोबा कठड्याजवळच होते. पण ते ट्रंक ठेवली होती त्या बाजूला वळताना दिसले, नंतर दिसले नाहीत. खरे काय झाले कोण जाणे! आजीने शिवणकाम करून माझ्या आईला वाढविले, शिकविले. आई तेव्हा चार वर्षांची होती. आजीने तिला गोष्टी पुष्कळ सांगितल्या असतील. आईने मला सांगितली ती ही एकच, आणि तीही एकदाच.

निघण्यास आठ दिवस उरले तेव्हा आईने मला हाक मारली. "अरे, ती जॅकेटे असतात ना बोटीवर, ती सर्वांना पुरतील का?"

तिला दुसरे काहीही जाणून घ्यायचे नव्हते. खोली कशी, जेवण कसे, गोव्यात काय पाहायचे, यातले काही नाही. मी त्या रात्री बसून ते नियम वाचून काढले. १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हा तिच्यावर निम्म्याअधिक माणसांना पुरतील एवढ्याच होड्या होत्या. त्या धड्यानंतर १९१४ साली लंडनमध्ये समुद्रावरील जीवरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या आजच्या स्वरूपाप्रमाणे उतारूंच्या बोटीवर प्रत्येकासाठी एक जॅकेट असावेच लागते, आणि शिवाय एकूण माणसांच्या शेकडा पाच एवढी जास्त जॅकेटे डेकवर ठेवावी लागतात. मुलांसाठी लहान मापाची निराळी. सकाळी मी आईला सांगितले, "आई, शंभर माणसांना एकशेपाच."

तिने ते मनात घोळविले. "पाच जास्त," ती म्हणाली. थोड्या वेळाने आपली कापडी पिशवी घेऊन ती बॅगेपाशी आली. तिच्या पिशवीत दोन पातळे, औषधांची डबी आणि जपाची माळ होती. आमच्या घरातले दोन्ही पंथ त्या पिशवीपुढे थोडा वेळ निरुत्तर झाले.

दुपारी बॅलार्ड पियरच्या बंदरात आम्ही बोटीवर चढलो. मुलगी आजीला तरणतलाव दाखवायला निघाली होती, तोच ध्वनिक्षेपकावरून सर्वांना कवायतीसाठी बोलावणे आले. पूर्वी ही कवायत बोट सुटल्यापासून चोवीस तासांत घेतली तरी चाले. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही बोट खडकावर आपटली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या उतारूंची कवायत व्हायची होती. बत्तीस माणसे दगावली. त्यानंतर नियम बदलला, आणि २०१५ पासून बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच ती घ्यावी लागते. तरीही माणसे तिच्याकडे, आमचे विद्यार्थी माझ्या तासाकडे पाहतात तसेच पाहतात. कोणी छायाचित्रे काढीत होते, कोणी जेवण केव्हा सुरू होणार ते विचारीत होते.

आई मात्र पहिल्या बाकावरच्या विद्यार्थिनीसारखी उभी होती. भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब स्वर झाले, तेव्हा तिने ते बोटांवर मोजले. जॅकेटचा पट्टा कसा ओढायचा हे तिने दोनदा करून पाहिले. आपली जमण्याची जागा कोणती हे तिने त्या तरुण खलाशाला विचारून घेतले. शेवटी तो म्हणाला की, हा भोंगा खरोखर वाजला तर अंगावर गरम कपडा घ्या, रोजचे औषध घ्या, आणि इकडे या. बॅग घ्यायला थांबू नका.

"काहीच घ्यायचे नाही ना?" आईने विचारले.

"काही नाही, आजी," तो म्हणाला. "सामान राहू द्यायचे."

आम्ही महिनाभर जे बांधीत होतो त्याबद्दल समुद्राचे म्हणणे एवढेच होते. सासरे म्हणत, उचलता येईल तेवढेच न्यावे. ह्या खलाशाचा धडा त्याच्याही पुढचा होता: सोडता येईल तेवढेच न्यावे. सामान बांधणारे दोन्ही पंथ काय न्यावे यावर भांडतात. नेलेले हातावेगळे कसे करावे याचा अभ्यास दोघांनीही केलेला नसतो. आणि तो वेळेवर, भरल्या बोटीत, कलत्या डेकवर करता येत नाही. तो कोरड्या जमिनीवर आधीच करून यावे लागते. रेवसच्या कोळ्यांनी तो एका क्षणात केला; पण त्यांची शाळा समुद्राची होती. आजोबा कचेरीतले कारकून होते, आणि त्या ट्रंकेत आईबापांचे कापड होते.

सूर्य कलताना बोट सुटली. शहराचे मनोरे मागे पडले आणि डाव्या हाताला मांडव्याच्या किनाऱ्याची रेघ दिसू लागली. तिच्यावर कनकेश्वराचा डोंगर. आई कठड्याला धरून उभी होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"काशाचा खडक कुठे रे?" तिने विचारले.

"त्या बाजूला, आई. इथून दिसायचा नाही."

ती बराच वेळ त्या बाजूला पाहत होती. मग, आधी कितीदा तरी मनात म्हटलेले वाक्य मोठ्याने म्हणावे तशी ती म्हणाली, "बाबांना कोणी सांगितले नसेल रे, की राहू द्या म्हणून."

मला उत्तर सुचले नाही. तिला ते नकोही असावे. पाणी संथ होते. खालच्या मजल्यावर कोठेतरी वाद्ये वाजू लागली होती. थोड्या वेळाने वारा वाढला आणि तिने पदर खांद्याभोवती ओढून घेतला.

"गारठा आहे ग," ती मागे वळून माझ्या पत्नीला म्हणाली. "शाल आणली आहे का?"

शाल आणली होती. माझ्याकडे न पाहता पत्नीने ती आईच्या खांद्यांवर घातली.